विंडोज मारण्याआधी डिस्कचा मोड ठरवा: स्टुडिओच्या नव्या कॉम्प्युटरचा अनुभव

आमचा फोटो स्टुडिओ उदगीरला आहे. लग्न, साखरपुडा, बारसं, शाळेचं गॅदरिंग, मधूनच एखादी सभा, असं सगळं काम. दोन कॅमेऱ्यांचं फोर-के शूटिंग आणि फोटो धरले तर एका लग्नाचे तीन-चारशे जीबी सहज होतात. लग्नसराईत असा माल एकावर एक येऊन पडतो. त्यामुळे कॉम्प्युटर किती पळतो याच्या आधी आम्हाला डिस्कचा विचार करावा लागतो. अल्बम उशिरा दिला तर लोक चिडतात, पण समजून घेतात. फुटेज गेलं तर ते लग्न काही परत लावता येत नाही.

नवा कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं तेव्हा प्रोसेसर कोणता, ग्राफिक कार्ड कोणतं यावर सल्ला देणारे भरपूर भेटले. डिस्क कोणत्या मोडवर चालवायच्या, म्हणजे मशीनने डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलायचं, हे मात्र कुणी विचारलंही नाही. माझं मत असं, की ते विंडोज मारण्याआधी, म्हणजे मशीनमध्ये बसवण्याआधी, ठरलं पाहिजे, कारण नंतर बदलायला गेलं की मशीन उठत नाही.

आमचं जुनं मशीन आयडीई या जुन्या मोडवर चालायचं. त्याचं कारण विंडोज एक्सपीच्या काळात आहे. एक्सपीच्या सीडीत एएचसीआय या नंतरच्या मोडचा ड्रायव्हरच नसायचा. सेटअप सुरू होताना एफ6 दाबायचं, फ्लॉपीतून ड्रायव्हर द्यायचा, नाहीतर निळा स्क्रीन. फ्लॉपी तर तोवर बाजारातून गेलेली. म्हणून मेकॅनिक लोक बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी मदरबोर्डची सेटिंग) जाऊन सॅटाचा, म्हणजे डिस्कच्या जोडणीचा, मोड आयडीई करायचे आणि विंडोज मारून मोकळे व्हायचे. पुढे त्याच मशीनवर विंडोज 7 आली. तिच्यात एएचसीआयचा ड्रायव्हर असतो, पण ज्या मोडवर मारली त्याच मोडवर ती बसते. दुसऱ्या मोडचा ड्रायव्हर बूट (चालू) होताना ती उचलत नाही. मोड नुसता बायोसमधून बदलला, की 0x0000007B हा नंबर घेऊन निळा स्क्रीन येतो. त्याचा अर्थ एवढाच, की विंडोजला स्वतःची डिस्क सापडली नाही.

आयडीईवर काम चालतं, पण रखडतं. त्या मोडमध्ये डिस्ककडे एका वेळी एकच हुकूम जातो. तो पुरा झाला की पुढचा. एएचसीआयचं स्पेसिफिकेशन इंटेलने 2004 साली आणलं. त्यात डिस्ककडे 32 हुकूम एकदम रांगेत लावता येतात, आणि हेडला (डिस्कवर फिरून वाचणाऱ्या टोकाला) कमीत कमी फिरावं लागेल असा क्रम डिस्क स्वतः लावून घेते. नुसती एक मोठी फाइल कॉपी करताना हा फरक फारसा जाणवत नाही. एकीकडे कार्ड खाली होतंय, दुसरीकडे अल्बमचे फोटो उघडतायत आणि तिसरीकडे व्हिडिओ एक्स्पोर्ट होतोय, अशा वेळी जाणवतो. आमच्याकडे दुपारी चार वाजता नेमकं हेच चालू असतं. चालू मशीनमध्ये डिस्क काढता-घालता येण्याची सोयही एएचसीआयबरोबरच येते.

नव्या मशीनमध्ये विंडोज एनव्हीएमई एसएसडीवर, म्हणजे चिपवर साठवणाऱ्या वेगवान डिस्कवर, जाणार होती. एनव्हीएमईचं पहिलं स्पेसिफिकेशन 2011 सालचं. ही डिस्क सॅटाच्या वाटेने जातच नाही, ग्राफिक कार्ड ज्या वाटेवर चालतं त्या पीसीआय एक्स्प्रेसवर सरळ बोलते. एएचसीआयमध्ये एक रांग आणि 32 हुकूम, तर इथे जवळपास 64 हजार रांगा आणि एकेका रांगेत तितकेच हुकूम मावतात. हे वाचून बऱ्याच जणांना वाटतं, की एनव्हीएमई घेतली म्हणजे मोडचा विषयच संपला. इंटेलच्या नव्या मशीनवर तो तिथे संपत नाही, ते पुढे येईलच.

सामान आणायला सिकंदराबादला गेलो. उदगीरकरांना ते पुण्यापेक्षा जवळ आहे, आणि पार्क लेनला सीटीसी या इमारतीत कॉम्प्युटरची दुकानं एकाला एक लागून आहेत. तेराव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर, एक टीबीची एनव्हीएमई, एनव्हिडियाचं कार्ड आणि चार-चार टीबीच्या दोन हार्डडिस्क एवढी यादी होती. हार्डडिस्क घेताना मी एका गोष्टीवर अडून बसलो: ती सीएमआर, म्हणजे डेटाचे ट्रॅक सुटे-सुटे ठेवणारी, असली पाहिजे. स्वस्तातल्या बऱ्याच मोठ्या डिस्क एसएमआर असतात. त्यांच्यात डेटाचे ट्रॅक घरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. जागा वाचते, पण मधलं काही बदलायचं तर त्यावर चढलेले शेजारचे ट्रॅकही परत लिहावे लागतात. सलग दोन-तीनशे जीबी टाकायला गेलं की डिस्क मध्येच मान टाकते. बॉक्सवर हे नेहमी लिहिलेलं नसतं, म्हणून मॉडेल नंबरवरून कंपनीच्या डेटाशीटमध्ये बघून घेतलं.

दुकानदार म्हणाला, “दो डिस्क ले रहे तो रेड लगा लेव ना भाई. एक गयी तो दूसरी है.”

त्याचा सल्ला चांगल्या मनाचा होता आणि बरेच स्टुडिओवाले तसं करतात. रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधून वापरायची पद्धत. तिच्यातल्या रेड 1 मध्ये एका डिस्कवर जे लिहिलं जातं तेच त्याच क्षणी दुसरीवर लिहिलं जातं. एक डिस्क मेली तर काम न थांबता दुसरीवर चालू राहतं. पण डिस्क मरणं हा फुटेज जाण्याचा एकच रस्ता आहे. आमच्या ओळखीच्या एका स्टुडिओत पोराने घाईत चुकीचं फोल्डर डिलीट केलं. रेडने तेही इमानेइतबारे दोन्ही डिस्कवर डिलीट केलं. व्हायरस आला तरी तेच होतं. शिवाय आमच्याकडची लाईट. एप्रिल-मेमध्ये व्होल्टेज खालीवर होतं, लाईट कधीही जाते, आणि रेड चालू असताना मशीन अचानक बंद पडलं की पुढच्या वेळी ते दोन्ही डिस्क एकमेकींशी ताडून बघायला बसतं. चार टीबीला ते तासन्‌तास चालतं आणि तेवढा वेळ मशीन जड होऊन जातं.

म्हणून ठरवलं, की रेड नको. दोन्ही डिस्क सुट्या, साध्या एएचसीआयवर. एकीवर चालू काम, दुसरीवर रोज रात्री कॉपी, आणि डिलिव्हरी होईपर्यंत तिसरी कॉपी बाहेरच्या डिस्कवर, जी रात्री स्टुडिओत न राहता घरी जाते. ज्यांचं दुकान एक मिनिटही बंद ठेवता येत नाही त्यांना रेड उपयोगाचा आहे. आम्हाला अर्धा दिवस थांबणं परवडतं, डेटा जाणं परवडत नाही. सुट्या डिस्कचा आणखी एक फायदा म्हणजे मदरबोर्ड जळाला तरी ती काढून कुठल्याही मशीनला लावली की वाचता येते.

मशीन जोडायला भाचा लातूरहून आला होता. पॉलिटेक्निकला आहे, हात चांगला चालतो. जोडण्याआधी मी त्याला मदरबोर्डचं पुस्तक उघडायला लावलं. एनव्हीएमईची पट्टी जिथे बसते ते एम-डॉट-टूचे स्लॉट दिसायला सारखे असले तरी काही बोर्डांवर एखाद्या स्लॉटमध्ये पट्टी बसवली की एखादा सॅटा पोर्ट बंद होतो, कारण दोघांची वाट एकच असते. आमच्या बोर्डाच्या पुस्तकातही तक्त्याखाली बारीक अक्षरात तशी टीप होती. म्हणून एनव्हीएमई प्रोसेसरजवळच्या स्लॉटला बसवली.

दुसरं म्हणजे दोन्ही हार्डडिस्क कॅबिनेटमध्ये बसवल्या, पण त्यांच्या केबली जोडल्या नाहीत. विंडोज मारताना मशीनला एकच डिस्क असावी. जास्त डिस्क असल्या तर कधी कधी विंडोज जाते एका डिस्कवर आणि तिची बूटची फाइल जाऊन बसते दुसऱ्या डिस्कवरच्या ईएफआय पार्टिशनमध्ये (बूटच्या फाइलींसाठी राखलेल्या छोट्या भागात). पुढे ती दुसरी डिस्क काढली, की चांगलं चालणारं मशीन उठायचं थांबतं आणि कारण कुणाला कळत नाही.

पेनड्राइव्ह लावला, विंडोज 11 चा सेटअप सुरू झाला, आणि डिस्क निवडायच्या पानावर यादी रिकामी. खाली मजकूर असा, की एकही ड्राइव्ह सापडला नाही, स्टोरेज ड्रायव्हर द्यायचा असेल तर ‘लोड ड्रायव्हर’ दाबा.

“मामा, डिस्कच दिसंना गेलीय ह्याच्यात. पट्टी नीट बसली नसंल.”

“बायोसमध्ये डिस्कचं नाव आलंय की नाही?”

“आलंय.”

“मग पट्टीला हात लावू नको. डिस्क जिवंत आहे. विंडोजला तिच्यापर्यंत जायची वाट माहीत नाही एवढंच.”

इथे बरेच जण डिस्क खराब म्हणून परत करायला निघतात. कारण वेगळंच असतं. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून साध्या कॉम्प्युटर-लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाचा कंट्रोलर येतो. तो चालू असला की एनव्हीएमई डिस्क त्याच्या मागे जाते आणि विंडोजला समोर व्हीएमडीच दिसतो. त्याचा ड्रायव्हर सेटअपच्या पेनड्राइव्हमध्ये नसेल तर यादी रिकामीच राहणार. एक्सपीच्या काळात एफ6 दाबून जे करावं लागायचं तेच हे, फक्त फ्लॉपीच्या जागी पेनड्राइव्ह.

यातून वाटा दोन निघतात, आणि आम्ही दोन्ही वापरल्या. व्हीएमडी मुख्यतः रेडसाठी लागतो. स्टुडिओच्या मशीनला रेड करायचा नव्हता, म्हणजे व्हीएमडीचा आम्हाला काही उपयोग नव्हता. बायोसमध्ये ॲडव्हान्सच्या पानावर व्हीएमडी डिसेबल केलं, सॅटाचा मोड एएचसीआय असल्याची खात्री केली, एफ10 दाबून सेव्ह केलं. परत सेटअप चालू केला तर डिस्क यादीत हजर. आता ती विंडोजच्या स्वतःच्या एनव्हीएमई ड्रायव्हरवर चालते. पुढे कधी विंडोज बिघडली तर कुठलाही रिपेअरचा पेनड्राइव्ह लावला तरी डिस्क दिसेल. मला हे जास्त मोलाचं वाटतं.

दुसरी वाट भाच्याच्या लॅपटॉपवर वापरली. तो अकराव्या पिढीचा, कंपनीने दिलेली विंडोज व्हीएमडी चालू ठेवूनच बसवलेली. अशा चालू मशीनवर व्हीएमडी बंद केलं तर तोच निळा स्क्रीन येतो. आणि लॅपटॉपची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर बायोसमध्ये असला बदल केल्यावर 48 आकड्यांची रिकव्हरी की मागितली जाते. ती हाताशी नसेल तर डेटा गेला म्हणूनच समजा. म्हणून तिथे बायोसला हात लावला नाही. विंडोज नव्याने मारताना ड्रायव्हर बाहेरून दिला. इंटेलचा रॅपिड स्टोरेजचा सेटअप डाउनलोड केला की एकच मोठी ईएक्सई फाइल मिळते, ती ‘लोड ड्रायव्हर’ला कळत नाही. दुसऱ्या कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्टमधून तिच्यापुढे डॅश देऊन ‘एक्स्ट्रॅक्टड्रायव्हर्स’ असं जोडून आणि फोल्डरचं नाव देऊन आतले खरे ड्रायव्हर वेगळे काढावे लागतात. त्यातलं आयएनएफ फाइल असलेलं फोल्डर पेनड्राइव्हवर टाकलं. ‘लोड ड्रायव्हर’मधून ते दाखवल्यावर यादीत व्हीएमडी कंट्रोलर 9ए0बी आला, तो निवडला आणि दोन-चार सेकंदांत डिस्क आली.

ज्यांची विंडोज 10 किंवा 11 चालू आहे आणि मोड बदलायचाच आहे, त्यांनी सगळं पुसायची गरज नाही. आधी बिटलॉकर बंद करायचं. विंडोजच्या एमएसकॉन्फिग या प्रोग्रॅममध्ये बूटच्या पानावर सेफ बूटला टिक करायची, रीस्टार्ट करताना बायोसमध्ये जाऊन मोड बदलायचा आणि विंडोज सेफ मोडमध्ये उठू द्यायची. सेफ मोडमध्ये ती डिस्कचे सगळे मूळ ड्रायव्हर चाचपून बघते आणि नवा उचलते. मग टिक काढून पुन्हा रीस्टार्ट. एका मित्राच्या आयडीईवरच्या विंडोज 10 ला मी असंच एएचसीआयवर नेलं. तरी आधी डेटाची कॉपी काढल्याशिवाय मी हे केलं नसतं.

विंडोज बसल्यावर मशीन बंद करून हार्डडिस्कच्या केबली जोडल्या. नव्या डिस्क ‘धिस पीसी’मध्ये आपोआप येत नाहीत. डिस्क मॅनेजमेंट उघडलं की डिस्कची जागा वाटायची पद्धत एमबीआर की जीपीटी असं ते विचारतं. चार टीबीला जीपीटीच घ्यायचं, एमबीआरमध्ये दोन टीबीच्या पुढची जागा वापरताच येत नाही. फॉरमॅट झाल्यावर डिस्क 3.63 टीबी दिसली तेव्हा भाचा चपापला. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज 1024 च्या पटीत, त्यामुळे आकडा लहान दिसतो. जागा कुठे गेलेली नसते.

बॅकअपच्या डिस्कला समोरून ओढून काढता येणारा ट्रे बसवला आणि त्या सॅटा पोर्टला बायोसमध्ये हॉट प्लग (चालू मशीनमध्ये डिस्क काढता-घालता येण्याची सोय) चालू केलं. तरीही डिस्क ऑफलाइन केल्याशिवाय ट्रे ओढायचा नाही, ही स्टुडिओत सगळ्यांना ताकीद आहे. जुन्या मशीनची आयडीई मोडवर वापरलेली डिस्कही लावून बघितली, सगळे फोल्डर जसेच्या तसे उघडले. आयडीई-एएचसीआयचा प्रश्न विंडोज बूट होण्यापुरता असतो, साठवलेल्या डेटाला त्याने काही होत नाही. रेड करताना मात्र वेगळं: तिथे डिस्क आधी पुसली जाते, तशी सूचनाही येते, आणि ती न वाचता यस दाबणारे मी पाहिलेत.

आता ड्रायव्हर. सेटअपनेच मध्ये इंटरनेट मागितलं आणि बोर्डाचा लॅन नवा असल्याने विंडोजला तो ओळखता आला नाही. अँड्रॉइड फोन केबलने लावला, यूएसबी टेदरिंग (फोनचं इंटरनेट केबलने कॉम्प्युटरला देणं) चालू केलं, काम झालं. त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. हे माहीत असेल तर लॅन-वायफायसाठी दुसऱ्या मशीनकडे पळावं लागत नाही.

क्रम मी असा ठेवतो: पहिल्यांदा चिपसेट (बोर्डावरची मुख्य चिप), मग लॅन, मग ग्राफिक, शेवटी आवाज. बोर्डाच्या साइटवर आपलं मॉडेल घालून तिथलेच ड्रायव्हर घ्यायचे. सगळे ड्रायव्हर एका फटक्यात बसवणारे पॅक फुकट मिळतात, पण कामाच्या मशीनवर मला ते नको वाटतात. काय कुठून आलं ते कळत नाही आणि सोबत भलतंच काही शिरतं. चिपसेट झाल्यावरही डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर’वर पिवळी खूण राहिली होती. नावावरून मॉडेम वाटतो, असतो मात्र इंटेलचा मॅनेजमेंट इंजिन. अशा अनोळखी नावावर प्रॉपर्टीजमध्ये हार्डवेअर आयडी बघायचा. व्हेंडरचा नंबर 8086 असला तर वस्तू इंटेलची, 10डीई असला तर एनव्हिडियाची, 10ईसी असला तर रिअलटेकची. 8086 हे इंटेलच्या 1978 सालच्या प्रोसेसरचं नाव, तेच त्यांनी ओळख म्हणून ठेवलंय. एवढं कळलं की कुणाच्या साइटवर जायचं ते कळतं. ग्राफिकला एनव्हिडियाचे दोन प्रकारचे ड्रायव्हर असतात, आम्ही एडिटिंगसाठी स्टुडिओ ड्रायव्हर घेतला.

मिनी डीव्ही कॅसेट उतरवायचं आमचं जुनं फायरवायर कार्ड मात्र नव्या बोर्डात बसत नाही, कारण तो पीसीआय स्लॉटच आता नाही. लोक अजून वीस वर्षांपूर्वीच्या लग्नाच्या कॅसेट घेऊन येतात. त्यासाठी जुनं मशीन इंटरनेटशिवाय कोपऱ्यात चालू ठेवलंय.

सगळं बसल्यावर पीएनपीयूटिल या विंडोजच्याच कमांडने बाहेरून घातलेले सगळे ड्रायव्हर एका फोल्डरमध्ये एक्स्पोर्ट करून पेनड्राइव्हवर ठेवले. बायोसच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढले, आणि ‘व्हीएमडी डिसेबल, सॅटा एएचसीआय’ एवढं कागदावर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवलं. बोर्डावरचा सीआर2032 सेल संपला किंवा बायोस अपडेट केला की सेटिंग कंपनीच्या मूळ जागेवर जाऊ शकतं. मोड पलटतो आणि काल चालणारी विंडोज आज निळा स्क्रीन दाखवते. तेव्हा विंडोज पुन्हा मारायला घेऊ नका. बायोसमध्ये जाऊन मोड पहिल्यासारखा करा, सेल संपलेला असेल तर बदला आणि मशीन चालू करून बघा.